मिश्रीच्या डबीतला कोळसा

माय, मागच्या महिन्यात डॉक्टरांनी मला घड्याळ काढायला लावलं. कोऱ्या कागदावर एक गोल, त्यात बारा आकडे, आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटं झाल्याचे. एकतीस वर्षं देवपूरच्या शाळेत फळ्यावर गोल काढण्यात गेली, त्यामुळे गोल झकास आला. आकडेही आपापल्या जागी बसले. मिनिटकाटा मात्र दहाच्या आकड्याकडे निघाला होता, त्याला मी अर्ध्या वाटेत धरलं आणि दोनावर आणून बसवलं. डॉक्टरांनी ते पाहिलं. वयानं ते माझ्या विद्यार्थ्यांएवढे, कदाचित त्यांतलेच एक, पण मी विचारलं नाही, कारण नाव आठवलं नसतं तर पंचाईत झाली असती. म्हणाले, मॅडम, हा सौम्य विसराळूपणा आहे, घाबरू नका, दर सहा महिन्यांनी दाखवत जा. सौम्य हा शब्द मी आजवर फक्त आम्लांसाठी वापरला होता. येताना रिक्षा पांझरेच्या पुलावर आली, वारा लागला, आणि इतक्या वर्षांत जे कुणालाच विचारलं नाही ते तुला विचारावं असं वाटलं. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. विचारायला जरा उशीरच झाला म्हणायचा.

माझं विसरणं तसं गोड आहे, म्हणजे अजून तरी. जिऱ्याचा डबा हातात घेऊन मी ओट्याशी उभी राहते आणि फोडणी कशाची द्यायची होती ते डब्यालाच ठाऊक असतं. तुझे जावई चष्म्यावरून बघतात, उठून गॅस बंद करतात. एकदा जळगावच्या बसमध्ये बसले आणि पारोळा आलं तरी आठवेना, आपण कुणाकडे निघालोय. घाबरायला हवं होतं. पण खिडकीबाहेर कपाशीची शेतं मागे मागे जात होती, ऊन मांडीवर येऊन बसलं होतं, आणि मला इतकं हलकं वाटत होतं, की एरंडोल येईपर्यंत मी नऊ वर्षांची झाले होते आणि हातात डबा घेऊन तुझ्या डाळमिलकडे चालले होते.

मिलच्या शेडमध्ये मी शिरते तेव्हा आधी काहीच दिसत नाही. मग पत्र्याच्या भोकांतून उतरलेले उन्हाचे दांडे दिसतात आणि त्यांत फिरणारी तुरीच्या डाळीची पिवळी धूळ. त्या धुळीत तुम्ही बायका दोन रांगांनी बसलेल्या, सुपं मांडीवर, पापण्यासुद्धा पिवळ्या झालेल्या. मी तुला पापण्यांवरून ओळखत नाही, आवाजावरून ओळखते. तू काहीतरी सांगत असतेस. कुणाच्या आत्याचं सासर कोणतं, कोणत्या लग्नात वांग्याची भाजी कमी पडली, कुठलं पोर कोणत्या वर्षीच्या कानबाईच्या सणाआधी जन्मलं, हे सगळं तुझ्याकडे असायचं. मुकादमसुद्धा अडलं की तुझ्याकडे यायचा. जेवणं झाली की तुझ्या कमरेची मिश्रीची डबी निघायची आणि हातोहात रांगेच्या टोकापर्यंत जायची. सगळ्यांची तर्जनी काळी, सगळ्यांचे डोळे अर्धे मिटलेले, आणि पाच मिनिटं त्या शेडमध्ये कुणी बोलायचं नाही.

ती मिश्री तू रविवारी घरी करायचीस. टवका उडालेला एक जुना तवा त्यासाठीच ठेवलेला होता. त्यावर तंबाखू काळीठिक्कर होईस्तोवर भाजायची, कुटायची, फडक्यातून चाळायची. गल्लीतली निम्मी दारं फटाफट बंद व्हायची आणि उरलेल्या निम्म्या दारांतून बायका वाटी घेऊन यायच्या. एकदा मी त्यातली चिमूट चोरून हिरड्यांना लावली. भिंती फिरल्या, घाम फुटला, मी मोरीत ओकले. तू आधी पाठीत एक धपाटा घातलास, मग गुळाचा खडा तोंडात घातलास आणि म्हणालीस, "हाई मनासाठे शे, तुनासाठे नही." त्या दिवसानंतर मी तुझ्या डबीला हात लावला तो थेट पस्तीस वर्षांनी.

दादा गेले, वडिलांमागं तू घरात एकटी उरलीस, म्हणून मी तुला धुळ्याला आणलं. तुझ्या ट्रंकेत तीन लुगडी, दादांचा फोटो आणि तो तवा. माझं देवपूरचं घर नवं, ओट्याला चकचकीत फरशी, शेजारी सगळे मास्तर आणि कारकून. रविवारी तू तवा चढवलास की तुझे जावई शिंकत शिंकत गच्चीवर जायचे. एका शब्दानं ते कधी बोलले नाहीत, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात त्यांचा काही हात नव्हता. आणि मग ती दुपार आली. मी डबा विसरले होते, तू तो घेऊन शाळेत आलीस. त्या आठवड्यात फाटकाशी पाटी नवी रंगवली होती, शाळेच्या आवारात तंबाखूला मनाई असल्याची. मीच मजकूर सांगितला होता, अक्षरं मीच तपासली होती. तू त्या पाटीखाली उभी राहिलीस, तोंडात मिश्री होती, ती तू भिंतीच्या कडेला थुंकलीस, तोंड पुसलंस आणि काळे दात दाखवून माझ्या आठवीच्या वर्गाकडे बघून छान हसलीस. सगळा वर्ग खिडकीत. मुलं हसली. मला तेव्हा भुईनं फाटून आत घ्यावं असं झालं होतं. तुझ्या हातातून डबा घेताना मी तुला ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

तुझ्या हिरडीवर पांढरा डाग होता हे खरं. दातांच्या डॉक्टरांनी ही मिश्री सोडा, नाहीतर अवघड होईल असं सांगितलं होतं हेही खरं. पण डाग दोन वर्षांपासून होता आणि मी मिश्री सोडवायला घेतली ती त्या दुपारनंतर. लोकांना सांगायला डाग बरा होता. मला खरं म्हणजे तुझी लाज वाटली होती. तुझी, माय, जिनं मला डाळीच्या धुळीत बसून शिकवलं तिची. हे वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली आणि आता लिहिलंय तर ते अगदी साधं दिसतंय.

तुला नुसतं सांगून तू ऐकली नसतीस. म्हणून माझ्यातल्या विज्ञानाच्या बाईंनी प्रयोग केला. बाभळीचा कोळसा खलबत्त्यात कुटला, तुझ्याच फडक्यातून चाळला, चवीला किंचित मीठ आणि लवंगेची पूड घातली. तू दुपारी झोपलीस की तुझी डबी उघडायची आणि त्यातली थोडी मिश्री काढून तेवढाच कोळसा घालायचा. पहिल्या आठवड्यात चमचाभर, दुसऱ्यात दोन चमचे. तंबाखू आणून देणारी मीच, म्हणून पुडीही लहान होत गेली. तव्याची मूठ ढिली झालीय असं सांगून तो माळ्यावर टाकला आणि रविवारचं भाजण्याचं काम मी माझ्याकडे घेतलं, तुला धुरानं खोकला येतो म्हणून. दीड महिन्यात डबी पूर्ण कोळशाची झाली. डबी तीच, रंग तोच, बोटही तसंच काळं होत होतं. मी स्वतःवर इतकी खूश होते, की शाळेत एका बाईंना ही युक्ती सांगितलीसुद्धा.

तू दाराबाहेरच्या ओट्यावर बसलेली आहेस. सकाळ आहे, दूधवाला नुकताच गेलाय. बोट तोंडात आहे आणि ते मधेच थांबलंय. तू ते बाहेर काढतेस, त्याच्याकडे बघतेस, वास घेतेस, पुन्हा लावतेस. मग माझ्याकडे वळतेस. डोळ्यांत तक्रार नाही, नुसतं नवल आहे. "चव लागत नही वं बाई. मनी जीभच इसरी गयी." माझ्या हातात झाडू होता. सांगायला एक क्षण पुरला असता. मी म्हणाले, "वय झालं ना माय, असं होतं." तू मान हलवलीस. आणि ते शब्द तू उचललेस. त्यानंतर चष्मा सापडला नाही, भाजीत मीठ दोनदा पडलं, की तू स्वतःच म्हणायचीस, वय झालं, असं व्हस. तुझ्या डोक्यात काही बिघडलंय ही कल्पना तुला पहिल्यांदा मी दिली, आणि तेव्हा तुझ्या डोक्यात काहीसुद्धा बिघडलेलं नव्हतं. तुझी जीभ खरं बोलत होती.

पुढच्या श्रावणात कानबाई आली. सोमवारी सकाळी बायका कानबाईला विसर्जनासाठी नदीवर घेऊन निघाल्या, वाजंत्री पुढे, तू गाणाऱ्यांत सगळ्यांत पुढे, नेहमीसारखी. एक ओळ तू म्हणायचीस आणि बाकीच्यांनी झेलायची. पुलाच्या अलीकडे तू ओळ म्हटलीस, बायकांनी झेलली, आणि पुढची आली नाही. तुझा हात वर केलेलाच होता. बायका थांबल्या, पुन्हा तीच ओळ म्हणाल्या, तुला आठवायला वेळ दिला. तू माझ्याकडे बघितलंस. मी मागच्या रांगेत होते, मला ती गाणी कधीच नीट येत नव्हती. मग दुसऱ्या कुणीतरी ओळ उचलली आणि मिरवणूक पुढे सरकली. तू हसत हसत टाळ्या वाजवत राहिलीस.  मला वाटलं, मी डबीतून नुसती तंबाखू काढली नाही.

तिथून सहा वर्षं. आधी गाणी गेली, मग नातीगोती, मग दादा गेलेत हे गेलं आणि तू संध्याकाळी त्यांची वाट बघायला लागलीस. शेवटी मी गेले. तू मला बाई म्हणायचीस, पण ते कुणालाही म्हणतात तसं. एकच गोष्ट राहिली होती. तर्जनी हळूच उठायची, ओठाआड जायची आणि हिरडीवरून फिरायची, कोरडीच. मी पलंगाशी बसून ते बघायची. त्या दिवसांत तुझा चेहरा फार शांत असायचा, झोपेतून नुकत्याच उठलेल्या पोरीसारखा, आणि मला ते बघवायचं नाही.

आता असं झालं, की डॉक्टरांकडून आल्यावर पुण्याहून मुलानं फोनवर एक मजकूर पाठवला. त्यात लिहिलं होतं, म्हातारपणी जे सौम्य विसरणं सुरू होतं त्यावर निकोटिनचा उपयोग होतो का, हे शास्त्रज्ञ तपासून बघताहेत. तंबाखूतलं निकोटिन, पण पट्टीतून, दंडावर चिकटवायची. मेंदूत लक्ष आणि आठवण सांभाळणारी जी दारं आहेत त्यांना ते किल्लीसारखं लागतं म्हणे. मुलानं खाली हसरा चेहरा टाकला होता, आजीचं बरोबर होतं बघ. मी तो मजकूर किती वेळा वाचला ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात जाऊन पट्टीबद्दल विचारलं. दुकानदार आवाज खाली आणून म्हणाला, सरांनी सिगारेट सोडायची ठरवली वाटतं, छान केलं. मी हो म्हणाले. तुझ्या जावयांनी जन्मात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. आता तो दुकानदार त्यांना भेटला की हिंमत ठेवा म्हणतो आणि त्यांना काही कळत नाही.

पट्टी घेतली नाही. डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं. ते म्हणाले, तपासणं चालू आहे, अजून हातात ठोस काही नाही, मी लिहून देणार नाही आणि तुम्ही स्वतःवर प्रयोग करायचे नाहीत. तंबाखूचं तर नावच काढू नका, तिनं रक्तवाहिन्या खराब होतात, उलट विसरणं वाढतं. मी ऐकून घेतलं आणि मग ज्यासाठी गेले होते ते विचारलं. एखाद्या म्हाताऱ्या बाईची मिश्री तिला न सांगता बंद केली, तर त्यामुळे तिची आठवण जाते का? त्यांनी पेन खाली ठेवलं. कुणाबद्दल विचारताय, म्हणाले. मी म्हणाले, शेजारच्या बाई आहेत. ते म्हणाले, थोडे दिवस, थोडे आठवडे लक्ष लागत नाही, चिडचिड होते, मग ते जातं. वर्षानुवर्षांचं विसरणं त्यानं येत नाही, ते आधीच आत सुरू झालेलं असतं. त्या बाईंना सांगा, मनाला लावून घेऊ नका. मी बरं म्हणाले. जिना उतरताना लक्षात आलं, की मी बाई म्हटलं ते मिश्री लावणारीला आणि त्यांनी निरोप दिला तो मिश्री काढणारीला.

त्यांचं म्हणणं डोक्याला पटलं. पण डोक्याला पटलेलं रात्रीपर्यंत टिकत नाही माझं, हल्ली तर काहीच टिकत नाही. म्हणून मी समोरच्या अक्कांकडे गेले. तुझ्या त्या अक्का, ज्यांच्या ओट्यावर तू दुपारी गप्पांना जायचीस. आता नव्वदीला आल्यात, सून त्यांना उन्हात खुर्ची टाकून देते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं, कोळसा, लवंग, ओट्यावरची सकाळ, सगळं. त्यांनी माझा हात हातात घेतला, बराच वेळ थोपटत राहिल्या. मग अगदी सहज म्हणाल्या, "तिले ठाऊक व्हतं. तुनी माय रोज मनाकडे येये, चिमूटभर मिश्री लये नि म्हने, पोरनी मनी डबीमा कोयसा भरेल शे. तिले सांगू नको. तिले वाटू दे."

माय, हे खरं असेल तर सगळंच उलटं होतं. म्हणजे तुझी मिश्री एक दिवसही सुटली नाही, आणि तरीही तू विसरलीस. म्हणजे मी तुझं काही काढून घेतलं नाही. म्हणजे ओट्यावर बोटाकडे बघून जीभ विसरली म्हणालीस, ते कदाचित मला कबूल करायला दिलेली संधी होती, आणि मी वयाचं निमित्त तोंडावर फेकलं तेव्हा तू मला पूर्ण ओळखून मान हलवलीस. तू मला जिंकू दिलंस. मी तिथं खुर्चीपाशी बसून रडले, वीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखी रडले, आणि त्याच वेळी कानशिलं तापली होती. अक्का माझ्या केसांवरून हात फिरवत होत्या. मग त्यांनी समोर माझ्या घराकडे बघितलं आणि विचारलं, "तुनी माय घर शे का? धाडी दे ना तिले. कितला दिन झाया, उनीच नही."

मी हो म्हणाले. धाडते म्हणाले.

त्याला आता तीन आठवडे झाले. हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, ते मलाही कळतं, एवढी काही मी विसराळू झालेली नाही. अक्का रोज समोर बसलेल्या असतात. दोनदा मी रस्ता ओलांडायला निघाले, ते पुन्हा एकदा विचारायला, की तू खरंच येत होतीस का, की माझं रडं बघून त्यांनी मनानं रचलं, की आणखी कुणाच्या मायची गोष्ट त्यांना माझी वाटली. दोन्ही वेळा फाटकापासून हात करून परत आले. माय, मी त्यांना पुन्हा विचारणार नाहीये. त्यांनी या वेळी वेगळं सांगितलं तर काय करू, ते मला माहीत नाही.